समासातले दुसरे पद

प्रसूतीची वार्ता आप्तेष्टांस कळविण्याची आपल्या भाषेत एक ठरलेली रीत आहे. पूर्वी ती पोस्टकार्डावर किंवा तारेने जात असे, आज ती मोबाइलच्या पडद्यावर उमटते; परंतु कन्यारत्न झाले की पुत्ररत्न एवढे सांगून झाल्यावर त्याखाली येणारी ओळ मात्र पिढ्यान्‌पिढ्या बदललेली नाही : ‘बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत.’ या एवढ्याशा ओळीत केवढे तरी शहाणपण साठलेले आहे. ज्या काळी बंद खोलीच्या दाराकडे डोळे लावून सारे घर श्वास रोधून बसलेले असे, आणि सुईण बाहेर येऊन काय सांगेल याची शाश्वती कोणालाच नसे, त्या काळाने अनुभवातून हे जाणले होते की, पणाला लागलेले जीव दोन होते, आणि एकाचे कुशल सांगून दुसऱ्याविषयी मौन पाळणे म्हणजे अर्धीच बातमी देणे होय.

व्याकरणाच्या परिभाषेत ‘बाळ-बाळंतीण’ हा द्वंद्व समास. आणि द्वंद्वाचे लक्षण आपण सर्वांनी शाळेत पाठ केलेले आहे ते असे की, त्यातली दोन्ही पदे सारखीच प्रधान असतात. पण बारशाच्या दिवशी पाळण्याची दोरी हलली की हे व्याकरण आपल्या विस्मरणात जाते. दारी येणारा प्रत्येक जण बाळाचे वजन विचारतो, नाक कोणाचे आणि कपाळ कोणाचे याचा निवाडा करतो, दूध पुरते का आणि रात्री जागवते का याची आस्थेने चौकशी करतो. आणि ही सारी विचारपूस जिच्यापाशी होते, तिला स्वतःला काल रात्री किती झोप मिळाली, टाके अजून ठणकतात का, सकाळपासून पोटात काही गेले का, हे विचारण्याचे भान सहसा कोणाला राहत नाही. यात कोणाचा दुष्टावा नाही. माझी मुलगी आता आठ महिन्यांची आहे, आणि या आठ महिन्यांत आमच्या घरी जी जी माणसे आली ती सारी प्रेमाने आली, हे मी कृतज्ञतेने सांगते. तरीही जे मला जाणवले, आणि ज्याविषयी इतर बायकांशी बोलताना त्यांचे डोळे अकस्मात भरून आलेले मी पाहिले, ते लिहिल्यावाचून राहवत नाही : नव्या आईला आपण सल्ला भरपूर देतो, खाऊपिऊही घालतो, पण सोबत देत नाही, आणि तिला खरी गरज असते ती सोबतीची.

तान्ह्या मुलाच्या आईचा दिवस कसा असतो, हे बाहेरच्या माणसाला सांगणे कठीण आहे, कारण त्या दिवसाला आरंभ नाही आणि अखेरही नाही. नवजात बालक चोवीस तासांत आठ ते बारा वेळा अंगावर पिते. एका वेळी घेणे, पाजणे, खांद्यावर टाकून ढेकर काढणे, दुपटे बदलणे आणि पुन्हा निजवणे यांस पाऊणएक तास धरला, तर निव्वळ एवढ्याच कामाचे सात-आठ तास भरतात. आणि हे तास सलग नसून रात्रंदिवस तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले असतात. मधल्या अवकाशात लंगोट आणि झबली धुवायची, पावसाळा असेल तर ती घरातल्या दोरीवर पंख्याखाली वाळवायची, मालिश करणाऱ्या मावशी येण्यापूर्वी पाणी तापवायचे, न्हाणे झाल्यावर ओवा-वावडिंगाच्या धुरीची तयारी करायची, आणि तिन्हीसांजेला कारण न कळता जे रडणे सुरू होते त्याला कडेवर घेऊन या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालायच्या. ‘बाळ झोपले की तूही झोपून घे’ हा उपदेश मला अनेकांनी केला, आणि तो चुकीचा नव्हे. परंतु बाळ झोपते त्याच घटकेत आईला जेवायचे असते, केस विंचरायचे असतात, तुंबलेले दूध काढायचे असते, आणि कित्येकदा तर नुसते भिंतीला पाठ टेकून कोणाचाही स्पर्श अंगाला नसलेली पाच मिनिटे अनुभवायची असतात.

या श्रमाचे एक वैशिष्ट्य असे की, त्याची खूण मागे राहत नाही. शेतकऱ्याची नांगरट संध्याकाळी दिसते, कारकुनाच्या मेजावरच्या मिसली हातावेगळ्या झालेल्या दिसतात. आईने दिवसभरात केलेले काम मात्र पुढल्या तीन तासांत पुसले जाऊन पुन्हा जसेच्या तसे समोर उभे राहते. त्यामुळे संध्याकाळी घरी आलेल्या माणसाने अगदी निर्मळ मनाने ‘आज दिवसभर काय केलंस?’ असे विचारले, तरी तिच्यापाशी उत्तर नसते. आणि आपल्यापाशी उत्तर नाही हे पाहून आपण काहीच केले नसावे असे तिचे तिलाच वाटू लागते. सरकारच्या २०१९ सालच्या वेळ-वापर पाहणीत असे आढळले होते की, घरातले विनामोबदला काम करणाऱ्या स्त्रियांची त्या कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात, तर असे काम करणाऱ्या पुरुषांची ९७. ही सर्वसाधारण दिवसांची गोष्ट झाली. ज्या घरात तान्हे मूल आहे त्या घराचा जमाखर्च मांडू गेले, तर तफावत कोठे पोहोचेल याची कल्पना कोणालाही करता येईल.

श्रमांहूनही जड असते ते एकटेपण. माझी आई वाईहून आली होती आणि सव्वा महिना भरेपर्यंत राहिली. त्या दिवसांत घरात शेगडी होती, शेकाची ऊब होती, अळिवाच्या खिरीचा वास होता. आणि त्याहून मोलाचे म्हणजे दुसऱ्या खोलीत कोणीतरी जागे आहे ही जाणीव होती. मग तिकडे बाबांची पथ्यपाण्याची आबाळ होऊ लागली, म्हणून तिला जाणे भाग पडले. ज्या दिवशी ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता माझे पती कामावर निघाले, दाराची कडी लागल्याचा आवाज झाला, आणि मला प्रथमच उमगले की संध्याकाळी सात वाजेपर्यंत या तिसऱ्या मजल्यावर माझ्याशी शब्दांत बोलणारे कोणीही असणार नाही. कुशीत जीव होता, त्या जीवावर माझे निरतिशय प्रेम होते, आणि तरीही मी एकटी होते. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात हे आपल्या समाजाने मान्य केलेले नाही, आणि पुष्कळशा आयांचे दुःख या अमान्यतेतूनच उत्पन्न होते.

आपल्या पूर्वजांची या बाबतीतली दृष्टी आपल्याहून स्वच्छ होती असे म्हणावेसे वाटते. चरकसंहितेच्या शारीरस्थानात सूतिकागाराचे वर्णन आहे. ती वास्तू कशी असावी, तीत कोणते साहित्य असावे, हे तपशिलाने सांगताना ग्रंथकाराने तेथे वावरणाऱ्या स्त्रियांचीही लक्षणे दिली आहेत : त्या अनेकदा प्रसूत झालेल्या असाव्यात, स्नेहाळ असाव्यात, सतत अनुरक्त असाव्यात, आणि बाळंतिणीचे मन प्रसन्न राखणाऱ्या असाव्यात. औषधांच्या बरोबरीने स्नेहाळ माणसांची तजवीज करणारा हा ग्रंथ बाळंतपणाकडे केवळ शरीराचा व्यापार म्हणून पाहत नव्हता. आयुर्वेदाने सूतिकेचा काळ साधारण दीड महिन्याचा धरला, आधुनिक वैद्यक सहा आठवड्यांचा धरते, आणि आपल्या घरोघरच्या बायकांनी कोणताही ग्रंथ न वाचता सव्वा महिना ठरवला. ‘ओली बाळंतीण’ हा आपला शब्दप्रयोग तर किती समर्पक आहे! नुकत्याच घडवलेल्या मडक्याला जसे सावलीत आणि जपून ठेवावे लागते, तसे या बाईला ठेवले पाहिजे, ही सूचना त्या एका विशेषणात आहे. पहिल्या बाळंतपणाला मुलीने माहेरी जावे, या रीतीचे मर्मही हेच की, ज्या घरात तिच्याकडून कामाची अपेक्षा नाही, जिथे तिला न विचारता उशिरापर्यंत झोपता येते आणि मनमोकळे रडता येते, त्या घरात तिने हे दिवस काढावेत.

या जुन्या व्यवस्थेचे गुणगान करताना तिच्या काळोख्या बाजूवर पांघरूण घालण्याचे मला प्रयोजन नाही. बाळंतिणीची खोली पुष्कळदा घरातली सर्वांत अंधारी आणि कोंदट खोली असे. सोयेराच्या नावाखाली तिला अस्पृश्यासारखे ठेवले जाई. पाणी पिण्यावर बंधने असत. आणि मुलगी झाली तर तोच सव्वा महिना टोमण्यांनी भरून जाई. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि त्यांचे बाळ अवघे दहा दिवस जगले. त्या मुलीने पुढे समुद्रापलीकडे जाऊन फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ साली पदवी घेतली, आणि प्रबंधासाठी विषय निवडला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. आपल्या परंपरेत काय ग्राह्य होते आणि कोणत्या अज्ञानाने जीव जात होते, हा प्रश्न ज्या बाईने स्वतःच्या ओटीत भोगला होता तिनेच तो अभ्यासाला घ्यावा, यात मला फार मोठा अर्थ दिसतो. परंपरेचे काय ठेवावे आणि काय टाकावे, हा निवाडा जिच्यावर ती परंपरा गुदरते तिच्या मताने झाला पाहिजे.

आपण मात्र नेमके उलटे केले. जे टाकायला हरकत नव्हती ते जपले, आणि जे प्राणपणाने जपायचे ते सुटू दिले. कानाला रुमाल बांधावा की नाही, केळे खावे की नाही, बाळाला गुटी उगाळून द्यावी की डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे सहा महिने आईच्या दुधावाचून थेंबभरही काही देऊ नये, या वादांत घरेच्या घरे गुंतून पडतात. सहाण एका बाजूला आणि डॉक्टरांचा कागद दुसऱ्या बाजूला ठेवून मधोमध ती बाई उभी असते, आणि दोन्ही बाजूंना दुखावू नये म्हणून मुकाट्याने ऐकून घेते. (गुटीच्या बाबतीत डॉक्टरांचेच ऐकावे असे माझे स्पष्ट मत आहे, आणि माझ्या आईनेही ते कौतुकाने मानले.) परंतु या सर्व आचारांच्या मुळाशी जो गाभा होता, तो म्हणजे काही काळ त्या बाईच्या शिरावरचा संसार दुसऱ्या कोणीतरी उचलायचा, तो गाभा आपण गमावला. घरे लहान झाली, माणसे विखुरली, आत्या-मावश्या स्वतः नोकऱ्या करू लागल्या, यांपैकी कशालाच मी दोष देत नाही; पण जुना बंदोबस्त मोडला तेव्हा त्याच्या जागी नवा करण्याची जबाबदारी कोणाची होती, हा प्रश्न आपण विचारलाच नाही.

याचा परिणाम शरीरापेक्षा मनावर अधिक होतो. प्रसूतीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून विनाकारण डोळे भरून येणे, चित्त अस्थिर होणे, हे पुष्कळ जणींना होते आणि साधारण दोन आठवड्यांत ते आपोआप निवळते. पण काही जणींच्या बाबतीत ते निवळत नाही. बाळ निजले तरी डोळ्याला डोळा लागत नाही, अन्न गोड लागत नाही, आपण आई म्हणून नालायक आहोत असा विचार पाठ सोडत नाही, आणि कधी कधी आपण नसतो तर बरे झाले असते इथवर मन जाते. हा आजार आहे, आणि त्याला उपचार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे नुकत्याच प्रसूत झालेल्या स्त्रियांपैकी जगभरात सुमारे १३ टक्के, तर विकसनशील देशांत जवळजवळ २० टक्के स्त्रियांना मानसिक आजार जडतो, आणि त्यांत नैराश्य प्रमुख असते. म्हणजे पाच पाळण्यांमागे एक आई. आपल्या घरांत तिला काय ऐकायला मिळते? ‘एवढं सोन्यासारखं बाळ आहे, आणि रडतेस कसली?’ हे वाक्य प्रेमानेच उच्चारले जाते, पण ते तिच्या तोंडाला कुलूप घालते. वस्तुतः अशा वेळी तिला डॉक्टरांकडे नेले पाहिजे. आणि ते तत्काळ शक्य नसेल तर केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र आणि विनामूल्य उपलब्ध आहे, हे प्रत्येक घराला ठाऊक असले पाहिजे.

राज्यसंस्थेचे या बाबतीतले कर्तव्य आपल्याच भूमीवर फार पूर्वी मांडले गेले होते. १९२८ साली मुंबई विधिमंडळात गिरणी कामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभाचे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याचा पुरस्कार करताना असे प्रतिपादन केले होते की, प्रसूतीच्या आगेमागे मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्याच हिताचे आहे. दुसऱ्या वर्षी, १९२९ साली, तो कायदा मुंबई इलाख्यात झाला. पुढे १९६१ साली देशव्यापी कायदा झाला. २०१७ साली त्यात दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांच्या वेळची भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली, आणि ५० किंवा अधिक माणसे कामाला असणाऱ्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी आली. मला त्या तरतुदीचा लाभ झाला, आणि तो कोणाच्या श्रमांनी मिळाला याचे स्मरण मी ठेवते. पण ही रजा मिळण्यासाठी आधी हजेरीपटावर नाव असावे लागते. बीडकडून साखरपट्ट्यात जाणाऱ्या ऊसतोड जोडप्यात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो, आणि खाडा झाला की पैसे कापले जातात. तिथे बाचक्यात मूल गुंडाळून फडाच्या बांधावर ठेवणाऱ्या आईला कोणता सव्वा महिना? दुसऱ्यांच्या घरची धुणीभांडी करणाऱ्या, वीटभट्टीवर राबणाऱ्या, रोजंदारीने निंदायला जाणाऱ्या बाईला पंतप्रधान मातृवंदना योजनेतून पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये मिळतात, आणि तेही हप्त्याहप्त्याने. मजुरी बुडवून सहा आठवडे घरी राहावे, एवढी ती रक्कम नव्हे. माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या एकटेपणाविषयी लिहिताना मला या आयांचा विसर पडला, तर माझ्या लिहिण्याला काही अर्थ राहणार नाही.

सोबत ही काही हवेत विरून जाणारी भावना नसून ती रीतसर पोहोचवता येते, हे महाराष्ट्रातच सिद्ध झालेले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच साध्या बायकांना शिकवून बाळंतिणीच्या घरी पाठवले. त्यांनी बाळाला ऊब कशी द्यावी, वजन कसे करावे, जंतुदोष कसा ओळखावा आणि त्यावर उपचार कसा करावा हे आत्मसात केले, आणि नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि पुढे त्याच धर्तीवर देशभर घरभेटींची योजना आली. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशा कार्यकर्तीने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचे असते. या सहा भेटी म्हणजे आपल्या सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेची फार मोठी पुण्याई होय. माझे निवेदन एवढेच आहे की, ज्या उंबरठ्यापर्यंत माणूस पोहोचलेच आहे तिथे बाळाच्या वजनाच्या नोंदीशेजारी आईच्या झोपेचा आणि मनाचाही एक रकाना असावा, तो भरण्याचे रीतसर शिक्षण त्या कार्यकर्तीला मिळावे, आणि त्या वाढीव कामाचा योग्य मोबदला तिच्या पदरात पडावा. शहरांतल्या सदनिकांत तर अशी भेट द्यायला कोणीच येत नाही. तिथे बाळाच्या लसीकरणासाठी दवाखान्यात जावे लागते, त्या वेळी डॉक्टरांनी बाळाला तपासून झाल्यावर आईकडे वळून दोन प्रश्न विचारले, तरी पुष्कळ साधेल.

आता पित्याविषयी. केंद्र सरकारच्या सेवेतल्या पुरुषाला अपत्यजन्मानिमित्त १५ दिवसांची रजा मिळते. खासगी नोकरीतल्या पुरुषाला ती देण्याचे बंधन मालकांवर घालणारा कायदा नाही. मुलाच्या जन्मात बापाचा वाटा पेढे वाटण्यापुरता आहे, असाच याचा अर्थ होतो, आणि तो पुरुषांनाही अपमानकारक वाटला पाहिजे. दूध पाजणे सोडले तर बाळाचे असे कोणतेही काम नाही की जे पुरुषाच्या हातून होऊ शकत नाही. माझ्या पतींना आरंभी आंघोळ घालण्याची धास्ती वाटे, ढेकर काढताना हात कापत; पण ज्या रात्रीपासून त्यांनी दहा ते दोन ही वेळ स्वतःकडे घेतली, बाळाला फक्त पाजण्यापुरते माझ्यापाशी आणून पुन्हा आपल्या खांद्यावर नेऊ लागले, त्या रात्रीपासून माझ्या डोक्यावरचे ओझे उतरत गेले. त्यांनी मला ‘मदत’ केली असे मी म्हणणार नाही, कारण मदत परक्याच्या कामात केली जाते. बाप आपले स्वतःचे काम करू लागला, एवढेच झाले. आणि आज मुलगी झोपेतून दचकून उठते तेव्हा त्यांच्या आवाजानेही ती शांत होते, हे त्या कामाचे फळ आहे.

‘आमच्या वेळी आठ-आठ, दहा-दहा बाळंतपणे झाली, कोणी अशी तक्रार केली नाही,’ असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्या बायकांविषयी मला आदर आहे, आणि त्यांच्याशी भांडायची इच्छा नाही. पण त्यांनी शांतपणे आठवून पाहावे. कोणाची जाऊ मूल सांभाळीत असे, कोणाची आजेसासू पायांवर घेऊन न्हाऊ घालीत असे, कोणाची शेजारीण वाडग्यातून भाजी आणून देत असे. आणि जिला यांपैकी काहीच नव्हते तिने काय सोसले, ते तिने कोणाला सांगितले असते? तक्रार नोंदवून घेणारेच कोणी नव्हते, म्हणून दप्तर कोरे राहिले. कोऱ्या दप्तरावरून दुःख नव्हते असा निष्कर्ष काढणे न्यायाचे होणार नाही. माझ्या आईला मी हे विचारले, तेव्हा बराच वेळ ती गप्प राहिली, आणि मग म्हणाली, “तुझ्या वेळी मी मोरीत नळ सोडून रडायची गं. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.” चाळीस वर्षे तिने हे कोणाला सांगितले नव्हते, कारण तिला कोणी विचारलेच नव्हते.

विचारणाऱ्या माणसाने काय घडते ते मी अनुभवले आहे. आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक वृद्ध बाई राहतात. आई गेल्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी त्या जिने चढून वर आल्या, दारातच झाकलेले पातेले माझ्या हातात दिले, आणि बाळाकडे न पाहता मला म्हणाल्या, “जेवलीस का?” मी उत्तर देऊ शकले नाही. त्यांनी मुलीला माझ्या हातून घेतले, मला मऊ भात आणि मेतकूट वाढले, आणि ते खाऊन होईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. नंतर म्हणाल्या, “जा, तासभर पड. मी आहे इथे.” त्या तासात मी जशी झोपले तशी त्याआधी कित्येक दिवसांत झोपले नव्हते. पुढे दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी त्या येत राहिल्या. माझे सारे दैन्य त्या दोन दुपारींनी हरण केले असे नव्हे. पण आठवड्यात दोन तास निश्चित आपले आहेत, या खात्रीवर उरलेले दिवस निभावता आले. पुढे माझी २६ आठवड्यांची रजा भरली आणि मी कामावर रुजू झाले, ती मोडून न पडता रुजू झाले, याचे पुष्कळसे श्रेय मी त्या दुपारींना देते.

गेल्या महिन्यात माझ्या मावसबहिणीला मुलगा झाला, आणि ती ओळ माझ्याही मोबाइलवर आली : बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. बारशाला मी गेले नाही. तिथे माणसांची उणीव नव्हती. तिची आई कोणत्या तारखेला आपल्या गावी परतणार, ते मात्र मी विचारून ठेवले, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी, कामावरून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन, दुपारी बारा वाजता तिच्या दारी उभी राहिले. तिने दार उघडले. केस विस्कटलेले, डोळ्यांखाली काळे झालेले, खांद्यावर दुपटे, आणि चेहऱ्यावर घाईघाईने आणलेले हसू. “ये ना ताई, आत्ताच निजलाय, बघतेस ना?” ती म्हणाली. मी डबा ओट्यावर ठेवला आणि म्हटले, “त्याला उठला की बघेन. तू आधी बस, आणि कशी आहेस ते सांग.”

ती बसली, आणि सांगायला तिला सबंध दुपार लागली.